टॅब स्टॉप का बिघडतात आणि दुखणं कसं शोधायचं

यादी टाइप करताना हे हमखास घडतं. डावीकडे नावं, उजवीकडे आकडे, मध्ये टॅब. पहिल्या चार ओळी नीट एकाखाली एक बसतात आणि पाचव्या ओळीतला आकडा अचानक बोटभर पुढे जाऊन बसतो. मग तिथला टॅब पुसून स्पेसबार दाबत दाबत आकडा जागेवर आणला जातो. पडद्यावर सगळं सरळ दिसतं, पण छापलं की पुन्हा वाकडं. तीच फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली तर आणखीनच वाकडी.

अशा वेळी सगळा राग प्रोग्रामवर निघतो. पण शंभरातल्या बहुतेक वेळा प्रोग्राम सांगितलेलं कामच करत असतो. घोळ होतो तो टॅबकडे आपण ज्या नजरेने बघतो तिथे. टॅब म्हणजे एक लांबरुंद स्पेस, असं आपण गृहीत धरून चालतो. प्रत्यक्षात टॅबला स्वतःची रुंदी नसते. ती एक सूचना असते: आत्ता ओळीत जिथे आहेस तिथून उजवीकडचा पहिला थांबा, म्हणजे टॅब स्टॉप, शोध आणि थेट तिथे जा. आधीच्या आणि पुढच्या मजकुरामध्ये किती मोकळी जागा पडेल, हे टॅब ठरवत नाही. आधीचा मजकूर कुठे संपला आणि पुढचा थांबा कुठे आहे, यावरून ते ठरतं.

जुन्या टाइपरायटरवर हे डोळ्यांना दिसायचं. यंत्राच्या मागच्या पट्टीवर धातूचे छोटे अडसर हव्या त्या जागी बसवता यायचे. टॅबची कळ दाबली की कागदाचा गाडा मोकळा सुटून सरकायचा आणि पुढच्या अडसराला अडून थांबायचा. गाडा किती सरकला याला महत्त्व नव्हतं, कुठे थांबला याला होतं. संगणकात ते अडसर गेले आणि त्यांच्या जागी मोजमापांची यादी आली, पण नियम तोच राहिला. अक्षरांच्या संकेतावलीत टॅबला ९ हा क्रमांक आहे. फाइलमध्ये साठवली जाते ती एवढीच खूण. थांबे कुठे आहेत ही माहिती वेगळीकडे असते: कधी परिच्छेदाच्या मांडणीत, कधी आज्ञेत, तर कधी फाइल दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये.

एक उदाहरण जवळून बघू. वर्डमध्ये आपण काहीच ठरवलं नसेल तर साधारण दर अर्ध्या इंचावर, म्हणजे १.२७ सेंटिमीटरवर, एक थांबा धरलेला असतो. म्हणजे थांबे १.२७, २.५४, ३.८१, ५.०८ असे पडतात. एका ओळीतलं नाव ३.७ सेंटिमीटरवर संपलं. टॅब दाबला, पुढचा थांबा ३.८१, आकडा तिथे बसला. पुढच्या ओळीतलं नाव एका काना-मात्रेने लांब आहे आणि ३.९ वर संपतं. तिच्यासाठी ३.८१ चा थांबा मागे पडला. टॅब तिला ५.०८ वर नेतो. नावांतला फरक दोन मिलिमीटरचा, पण आकड्यांतला सव्वा सेंटिमीटरच्या वर. पाचव्या ओळीचं कोडं बहुतेक वेळा इथेच सुटतं. फाँट बदलला, आकार अर्ध्या पॉइंटने वाढवला, किंवा दुसऱ्या संगणकावर तो फाँट नसल्यामुळे वेगळाच फाँट लागला, की आतापर्यंत सरळ असलेली ओळसुद्धा थांबा ओलांडून पुढे जाते.

त्यामुळे वाकडी ओळ दिसली की मी तीन गोष्टी तपासतो. मजकूर नेमका कुठे संपतोय? या ओळीला कोणते थांबे लागू आहेत? आणि ते थांबे कुठून मोजले जातायत? पुढे जे काही सांगणार आहे, ते या तिन्हींपैकी कुठेतरी बसतं.

आधी न दिसणारं दिसू द्या

रूलरला, म्हणजे पानाच्या वरच्या मोजपट्टीला, हात लावण्याआधी लपलेल्या खुणा चालू करा. वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ८ एकत्र दाबलं की त्या दिसतात. लिब्रेऑफिस रायटरमध्ये कंट्रोल आणि एफ१० दाबायचं. टॅबच्या जागी छोटा बाण दिसतो, स्पेसच्या जागी ठिपका, आणि एंटर दाबलेल्या जागी परिच्छेदाची खूण.

फाइल कितीही ओळखीची असली तरी ही पायरी गाळू नका, असा माझा आग्रह आहे. खुणा दिसल्या की अर्धं दुखणं तिथल्या तिथे सापडतं. एका ओळीत एकच बाण असतो, दुसरीत दोन, तिसरीत एक बाण आणि त्यामागे चार ठिपके. कोणीतरी, बहुधा आपणच कधीतरी, डोळ्यांच्या अंदाजाने जागा भरलेली असते. असं भरलेलं काम एका फाँटमध्ये, एका आकारात जमून जातं आणि दुसऱ्यात मोडतं, कारण सर्वसाधारण फाँटमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी असते. देवनागरीत तर हा फरक फार मोठा आहे. ‘र’ आणि ‘क्ष’ शेजारी ठेवून बघा. अशा अक्षरांच्या मागे स्पेस मोजून रकाना सरळ येणं शक्यच नाही.

इथे एक शिस्त पाळावी: दोन रकान्यांच्या मध्ये एकच टॅब, कधीही दोन नाहीत. टॅब मारूनही मजकूर हव्या त्या जागी जात नसेल, तर टॅब वाढवू नका, थांबा हलवा. जास्तीचे बाण पुसून टाका, सगळे ठिपके काढा. काही वेळ सगळंच वाकडं दिसेल. ते चालेल, कारण आता सगळ्या ओळी सारख्याच नियमाने वाकड्या आहेत, आणि एक थांबा योग्य जागी ठेवला की सगळ्या एकदम सरळ होतील.

थांबा परिच्छेदाचा असतो, पानाचा नाही

रूलरवर क्लिक करून थांबा ठेवला, कर्सर होता ती ओळ सुधारली, बाकीच्या जशाच्या तशा. ही तक्रार फार ऐकू येते. वर्ड आणि रायटर दोन्हींत टॅब स्टॉप ही परिच्छेदाची मालमत्ता असते. एंटर दाबून केलेली प्रत्येक ओळ हा वेगळा परिच्छेद असतो, म्हणून यादीतल्या वीस ओळी म्हणजे वीस परिच्छेद आणि थांब्यांच्या वीस वेगवेगळ्या याद्या. थांबा ठेवून झाल्यावर एंटर दाबत पुढे गेलात तर नवा परिच्छेद आधीच्या याद्या बरोबर घेतो. पण आधीच लिहिलेल्या ओळी किंवा दुसरीकडून आणून चिकटवलेल्या ओळी आपापले थांबे घेऊन येतात, किंवा काहीच घेऊन येत नाहीत.

म्हणून थांबा ठेवण्याआधी संपूर्ण यादी निवडा. निवडलेल्या ओळींचे थांबे एकमेकांशी जुळत नसतील तर वर्डच्या रूलरवर ती खूण फिकट, करड्या रंगाची दिसते. ही करडी खूण म्हणजे यादीत गडबड आहे याचा सगळ्यात स्वस्त पुरावा. अशा वेळी एकेक खूण ओढत बसण्यापेक्षा रूलरवरच्या थांब्यावर दोनदा क्लिक करून टॅबची चौकट उघडावी, सगळे थांबे एकदम पुसावेत आणि हवे ते आकडे टाइप करून नव्याने द्यावेत. माउसने ओढून ठेवलेला थांबा दिसतो ८ वर आणि असतो ७.९४ वर. आकडा टाइप केला की तो नेमका आठच असतो.

आणखी एक नियम ठाऊक नसला तर माणूस पार गोंधळतो. आपण स्वतःचा एक थांबा ठेवला की त्याच्या डावीकडचे सगळे आपोआप धरलेले थांबे नाहीसे होतात. समजा तुम्ही ८ सेंटिमीटरवर एकच थांबा ठेवलात. आता ओळीच्या सुरुवातीला टॅब दाबला तर कर्सर १.२७ वर न थांबता थेट आठवर जाईल. आठच्या उजवीकडे मात्र अर्ध्या अर्ध्या इंचाचे जुने थांबे तसेच राहतात. वरवर हे विचित्र वाटलं तरी आपल्या कामाचं आहे. नाव कितीही लहान असो, मधले थांबे उरलेच नाहीत म्हटल्यावर एकाच टॅबमध्ये आकडा आठवर पोचतो. फक्त सगळ्यात लांब नाव आठच्या आत संपलं पाहिजे. म्हणून थांबा ठरवताना यादीतली पहिली ओळ बघू नका, सगळ्यात लांब ओळ शोधा आणि तिच्या थोडं पुढे थांबा ठेवा.

तीच मांडणी दस्तऐवजात पुन्हा पुन्हा लागणार असेल तर थांबे स्टाईलमध्ये, म्हणजे नाव देऊन साठवलेल्या मांडणीत, ठेवा. नंतर एका जागी आकडा बदलला की सगळीकडे बदलतो. मोठ्या अहवालात हे न करता प्रत्येक यादी हाताने जुळवणं म्हणजे स्वतःवर ओढवून घेतलेलं ओझं आहे.

थांब्यांचे प्रकार, आणि आकडे उजवीकडे पळतात तेव्हा

साध्या थांब्यावर मजकूर तिथून सुरू होतो. उजव्या थांब्यावर मजकूर तिथे संपतो, म्हणजे जसजसं टाइप कराल तसतसा तो डावीकडे वाढत जातो. मधल्या थांब्यावर तो दोन्हीकडे सारखा पसरतो. दशांश थांब्यावर आकड्यातलं दशांशचिन्ह त्या रेषेवर येतं. वर्डमध्ये पाचवा एक प्रकार दिसतो, उभ्या रेषेचा. ती नुसती रेषा असते, टॅब तिथे थांबत नाही. रूलरच्या डाव्या टोकाला असलेल्या छोट्या चौकोनावर क्लिक करत गेलं की हे प्रकार एकामागून एक बदलतात. चुकून एखादं क्लिक जास्त झालं की नकळत भलताच प्रकार ठेवला जातो. मजकूर थांब्यावर पोचला आणि टाइप करताच उलट्या दिशेने सरकायला लागला, तर समजा की उजवा थांबा पडलाय.

रकमा लिहायच्या असतील तर उजवा किंवा दशांश थांबाच हवा. डाव्या थांब्यावर ९५ आणि १२,४०० यांची पहिली अक्षरं एका रेषेत येतात आणि एककाखाली एकक येत नाही. अशा यादीवर बेरीज करताना डोळा चुकतो. दशांश थांब्यावर ज्या आकड्यात दशांशचिन्ह नाही, तो शेवटच्या अंकावर टेकवला जातो, म्हणजे पूर्णांक आणि अपूर्णांक दोन्ही नीट बसतात. मात्र कोणतं चिन्ह दशांशचिन्ह मानायचं, पूर्णविराम की स्वल्पविराम, हे वर्ड संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगवरून ठरवतो. ते सेटिंग वेगळं असलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की रकाना मोडू शकतो. रायटरमध्ये हे चिन्ह टॅबच्या चौकटीतच सांगता येतं.

उजव्या थांब्याचा एक स्वभाव लक्षात ठेवावा लागतो. मजकूर डावीकडे वाढतो तो मागे मोकळी जागा असेपर्यंतच. मागच्या रकान्यातल्या मजकुराला तो येऊन भिडला की आणखी डावीकडे जायला वाव राहत नाही, आणि मग तो थांबा ओलांडून उजवीकडे वाढायला लागतो. अनुक्रमणिकेत लांबलचक शीर्षक आलं आणि त्या एकाच ओळीतला पान क्रमांक रेषेबाहेर गेला, तर कारण हेच. तिथे थांबा हलवून उपयोग नाही. शीर्षक दोन ओळींत तोडावं, किंवा परिच्छेदाची उजवी बाजू थोडी आत घ्यावी म्हणजे लांब शीर्षक आपोआप खाली उतरतं. शीर्षक आणि पान क्रमांक यांच्यामधले ठिपकेही पूर्णविराम दाबून भरायचे नसतात. थांब्यालाच ठिपक्यांची ओळ जोडता येते आणि ती हवी तेवढी लांब-आखूड होते.

दहाव्या क्रमांकावर यादी का मोडते

मोजमाप कुठून होतं, हा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो. वर्ड थांबा मोजतो डाव्या समासापासून. रायटरच्या स्वतःच्या फाइलमध्ये तो सहसा परिच्छेदाच्या इंडेंटपासून, म्हणजे परिच्छेद जिथपर्यंत आत घेतलाय तिथून, मोजला जातो. परिच्छेद २ सेंटिमीटर आत घेतलेला असेल आणि थांबा ५ वर असेल, तर एकीकडे तो समासापासून ५ वर येतो आणि दुसरीकडे ७ वर. दोन्ही प्रोग्रामांत नव्याने तीच मांडणी करू पाहणाऱ्याला आकडे सारखे देऊनही निकाल वेगळा मिळतो, तो यामुळे.

आता लटकता इंडेंट घ्या, म्हणजे पहिली ओळ बाहेर आणि बाकीच्या आत. क्रमांकांच्या यादीत हाच असतो. इथे आतल्या ओळी जिथून सुरू होतात ती जागा वर्ड आपोआप थांबा म्हणून धरतो, रूलरवर टॅबची खूण नसली तरी. ‘९.’ लिहिल्यावर क्रमांकामागचा टॅब मजकुराला तिथे नेतो आणि खालच्या ओळी त्याच्याशी जुळतात. मग येतो ‘१०.’ आणि त्याच ओळीचा मजकूर एकदम पुढे उडी मारतो. दोन अंकी क्रमांक आणि पूर्णविराम मिळून त्या अदृश्य थांब्याच्या पलीकडे गेलेले असतात, म्हणून टॅब त्याच्यानंतरच्या थांब्यावर जातो. एका काना-मात्रेने लांब झालेल्या नावाची गोष्ट होती तीच ही, फक्त यादीच्या वेषात.

उपाय सोपा आहे. यादीत सगळ्यात मोठा क्रमांक कोणता येणार ते आधी बघा आणि इंडेंट त्याला पुरेल एवढा वाढवा. क्रमांक उजवीकडे टेकवले तर ९ आणि १० यांचे पूर्णविरामही एका रेषेत येतात. ठळक अक्षरांतला क्रमांक साध्यापेक्षा रुंद असतो, तेव्हा फाँट ठळक केल्यावर ही जागा पुन्हा तपासावी.

टेबलच्या चौकटीत टॅब दाबला की कर्सर पुढच्या चौकटीत जातो, हे सगळ्यांना माहीत असतं. चौकटीच्या आत खरोखरचा टॅब हवा असेल तर वर्डमध्ये कंट्रोल धरून टॅब दाबायचा. आणि चौकटीत दशांश थांबा ठेवला असेल तर आकडे टॅब न दाबताच त्यावर जाऊन बसतात. तिथे वर आणखी टॅब घातला तर गोंधळ होतो.

आज्ञांवर चालणारे प्रोग्राम: ट्रॉफ, ग्रॉफ, लॅटेक

आतापर्यंत जे बोललो ते पडद्यावर दिसणाऱ्या कागदाबद्दल. काही प्रोग्राममध्ये साध्या मजकुरातच मांडणीच्या आज्ञा लिहायच्या असतात आणि पान नंतर तयार होतं. युनिक्सवरचा ट्रॉफ १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्समध्ये जो ओसाना यांनी लिहिला. त्याचा आजचा वारस ग्रॉफ, आणि लिनक्सवर आज्ञांची माहितीपानं (मॅन पेज) दाखवण्याचं काम बऱ्याच ठिकाणी आजही तोच करतो. इथे रूलर नसतो. ‘टीए’ नावाची आज्ञा थांब्यांची यादी देते, आकड्यापुढे ‘आर’ लावला तर तो उजवा थांबा, ‘सी’ लावला तर मधला.

या घराण्यात चुका वेगळ्या रूपात येतात. पहिली म्हणजे टॅब टॅबच नसणं. अनेक एडिटर टॅबची कळ दाबल्यावर गुपचूप स्पेस घालतात. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना ते सोयीचं वाटतं, पण ग्रॉफला त्यातून थांब्याची सूचना मिळतच नाही. टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) किंवा वेबपान यांवरून उचललेल्या मजकुरातही टॅबच्या स्पेस होऊन आलेल्या असतात. डोळ्यांना फरक कळत नाही. खात्री करायची तर लिनक्सवर ‘कॅट’ ही आज्ञा मोठ्या ‘टी’ या पर्यायासह चालवा. खऱ्या टॅबच्या जागी टोपीचं चिन्ह आणि पुढे ‘आय’ दिसेल. बरेच जण यासाठी मोठा ‘ए’ वापरायला सांगतात. इंग्रजी फाइलला तो चालतो, पण मराठी मजकुराच्या प्रत्येक अक्षराचं तो वाचता न येणाऱ्या चिन्हांत रूपांतर करून टाकतो. आपल्यासाठी ‘टी’च बरा.

दुसरी चूक एककाची. ‘टीए’ आज्ञेत आकड्यापुढे एकक लिहिलं नाही तर ग्रॉफ तो ‘एम’मध्ये धरतो. एक एम म्हणजे चालू फाँटच्या आकाराएवढी रुंदी. १० पॉइंटच्या मजकुरात ८ असं नुसतं लिहिलं तर तो ८० पॉइंट होतो, साधारण १.१ इंच. टर्मिनलवर मात्र एक एम म्हणजे एका अक्षराची जागा, म्हणून तिथे तोच ८ म्हणजे आठ अक्षरं. शिवाय हे मोजमाप आज्ञा वाचली त्या क्षणी पक्कं होतं. नंतर फाँट मोठा केला तरी थांबे जागचे हलत नाहीत. त्यामुळे शीर्षकाच्या मोठ्या अक्षरांत असताना थांबे दिले की खालच्या यादीत ते नको तेवढे लांब लांब पडतात. इंच किंवा सेंटिमीटर स्पष्ट लिहिण्याची सवय लावून घेतली की हा सगळाच प्रश्न मिटतो.

आपण थांबे दिलेच नाहीत तरी निकाल दोन ठिकाणी वेगळा येतो. टर्मिनलसाठी ग्रॉफ दर ०.८ इंचावर थांबा धरतो. इंचाला दहा अक्षरं या हिशोबाने ती आठ अक्षरं होतात. छपाईसाठी मात्र तो दर ०.५ इंचावर धरतो. टर्मिनलवर सरळ दिसणारी यादी पीडीएफमध्ये वाकडी झाली तर आधी इथे बघा.

तिसरी चूक मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती दिसतच नाही. साधारणपणे ग्रॉफ आपण लिहिलेल्या ओळी एकमेकींना जोडतो आणि पानाच्या रुंदीप्रमाणे नव्याने तोडतो. टॅबचं अंतर मात्र तो पानावरच्या ओळीच्या सुरुवातीपासून मोजत नाही, आपण फाइलमध्ये लिहिलेल्या ओळीच्या सुरुवातीपासून मोजतो. समजा थांबे १ इंच आणि ३ इंचावर आहेत. फाइलमध्ये एका ओळीत ‘अ’ आणि टॅब, दुसरीत ‘ब’ आणि टॅब, तिसरीत ‘क’, आणि या तिन्ही न तोडता एकाच ओळीत जोडायला सांगितलंय. ‘ब’ जातो १ इंचावर. आपली अपेक्षा असते की ‘क’ ३ इंचावर जावा. पण ‘ब’नंतरचा टॅब त्याच्या स्वतःच्या ओळीचा पहिला थांबा बघतो, तोही १ इंच, आणि ‘क’ येऊन बसतो २ इंचावर. ग्रॉफमध्ये ‘लाइनटॅब्स’ ही आज्ञा चालू केली की मोजणी पानावरच्या ओळीपासून होते आणि ‘क’ तिनावर जातो. पण बहुतेक वेळा त्याची गरजच पडू नये. टॅबची यादी असेल तिथे ओळी जोडणं ‘एनएफ’ आज्ञेने बंद करावं, यादी संपली की ‘एफआय’ने पुन्हा चालू करावं. जोडल्या-तोडल्या जाणाऱ्या परिच्छेदात टॅब ठेवूच नये.

शेवटच्या थांब्यानंतरचा टॅबही इथे फसवतो. वर्डसारखे आपोआपचे थांबे पुढे चालू राहत नाहीत. आपण तीन थांबे दिले आणि चौथा टॅब मारला, तर तो निमूटपणे दुर्लक्षिला जातो आणि दोन शब्द एकमेकांना चिकटतात. चिकटलेले शब्द दिसले की थांबे मोजून बघा.

लॅटेक हाही आज्ञा लिहून पान तयार करणारा प्रोग्राम, पण त्याची गोष्ट आणखी निराळी. तिथे फाइलमधला टॅब साध्या स्पेससारखाच वाचला जातो. थांब्यांसाठी ‘टॅबिंग’ नावाची वेगळी चौकट आहे आणि तिच्यात थांबा ठेवायची आणि थांब्यावर जायची अशा दोन वेगळ्या आज्ञा असतात. इथे दुसऱ्या रकान्याची आज्ञा दिली की लॅटेक दुसऱ्याच थांब्यावर जातो, मजकूर त्याच्या पुढे गेलेला असला तरी. म्हणजे वर्डमध्ये लांब नाव आकड्याला पुढे ढकलतं, आणि लॅटेकमध्ये आकडा मागे येऊन नावावरच छापला जातो. एकावर एक छापलेली अक्षरं दिसली की फाँट तपासू नका. थांबा लांब ठेवा. त्यासाठी सगळ्यात लांब नमुना ओळ आधी लिहून तिच्यावर थांबे ठेवायचे आणि ‘किल’ आज्ञेने ती ओळ छपाईतून वगळायची, ही रीत चांगली आहे.

साधी मजकूर फाइल

साध्या फाइलमध्ये थांबे साठवायला जागाच नसते. ते दाखवणारा प्रोग्राम ठरवतो. टर्मिनलवर बहुतेक दर आठ अक्षरांवर, एडिटरमध्ये कुणी चारवर, कुणी दोनवर ठेवलेला असतो. आठच्या हिशोबात सात अक्षरी शब्दानंतरचा टॅब एका अक्षराएवढी जागा सोडतो आणि आठ अक्षरी शब्दानंतरचा पूर्ण आठ अक्षरांची. दोन फाइलींमधला फरक दाखवणारे प्रोग्राम प्रत्येक ओळीच्या आधी एक चिन्ह लावतात. टॅब नसलेल्या ओळी त्यामुळे एका अक्षराने सरकतात आणि टॅबने सुरू होणाऱ्या ओळी जागेवरच राहतात. मूळ फाइल बरोबर असते, तिला हात लावू नका.

अशा फाइलमध्ये देवनागरीचे रकाने टॅबने जुळवायचा हट्ट धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. टर्मिनल एकेका अक्षराला एक घर देतं. पण जोडाक्षर, उकार, वेलांटी यांना किती घरं द्यायची हे प्रत्येक टर्मिनल आणि फाँट आपापल्या परीने ठरवतात. ‘कु’ एका घरात बसतो, ‘की’ कुठे एका घरात तर कुठे दोनात. थांबा मोजणारा प्रोग्राम एक हिशोब करतो आणि अक्षरं रंगवणारा दुसरा. मराठी माहिती टॅबने वेगळी करून साठवायला काहीच हरकत नाही, पण ती बघायची असेल तेव्हा स्प्रेडशीटमध्ये उघडावी. वेबपानावर तर नेहमीच्या मजकुरातला टॅब एका स्पेसएवढाच दिसतो, कितीही मारा.

एखाद्या रकान्यातला मजकूर दुसऱ्या ओळीवर उतरायला लागला की टॅबचं काम तिथे संपलं. खाली उतरलेली ओळ डाव्या समासाला जाते, आपल्या रकान्याखाली येत नाही, आणि तिला एंटर आणि टॅब मारून जुळवलं की पुढे एक शब्द बदलताच सगळं पुन्हा फिसकटतं. तिथे टेबलच हवं. वर्ड आणि रायटर दोन्हींत टॅबने लिहिलेल्या ओळी निवडून त्यांचं टेबल करता येतं. प्रत्येक टॅबच्या जागी नवा रकाना सुरू होतो. ते करण्याआधी लपलेल्या खुणा चालू करून प्रत्येक ओळीतले बाण सारखे आहेत ना, ते बघून घ्या. टेबल तयार झाल्यावर एखाद्या ओळीत मध्येच रिकामी चौकट दिसली आणि शेवटचा आकडा एक घर पुढे गेलेला दिसला, तर त्या ओळीत एक टॅब जास्तीचा आहे. पूर्ववत करा, तो पुसा आणि पुन्हा टेबल करा.